पाटाएवढी काळी फरशी

मोहनजींनी बाटलीतलं पाणी पांढऱ्या दगडावर भडाभडा ओतलं आणि हाताने पसरत म्हणाले, "आता बघा, मावशी. पॉलिश झाल्यावर अस्सा दिसणार."

मी बघितलं. उभ्या करून ठेवलेल्या त्या भल्यामोठ्या लादीवरच्या राखाडी शिरा पाण्याने चमकायला लागल्या होत्या. त्यातल्या एका शिरेत मला चोच वासून बसलेला कावळा दिसला आणि मी तसं बोलून गेले.

"आई!" ऋता हसली. "लोक ह्या शिरांसाठी वेडे होतात, आणि तुम्हाला कावळा दिसतो."

"दिसतो त्याला मी काय करू? रोज सकाळी चहा पिताना तो माझ्याकडे बघत बसणार."

"तुमच्या खोलीत दुसरी लादी घालू. बिनकावळ्याची."

ऋता माझी सून. साताऱ्यातलं आमचं दोन खोल्यांचं जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं ठरलं, तेव्हा आतलं सगळं ऋता करणार हेही आपोआपच ठरलं. घरं सजवणं हाच तिचा व्यवसाय. पुण्यात खानोलकर मॅडम म्हणून नावाजलेल्या डिझायनर होत्या, त्यांच्या हाताखाली, साताऱ्यातल्या शाखेत, ती काम करायची. आमचं घर हे तिचं एकटीचं पहिलं काम. ते पसंत पडलं तर मॅडम पुढची घरं तिच्या जबाबदारीवर सोडणार होत्या. त्यामुळे शिरवळजवळच्या हायवेवरच्या त्या मार्बलच्या गोदामात आम्ही पोचलो, तेव्हा सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

गोदामाचे मालक मोहनजी, माणूस बोलघेवडा. "राजेशाही करायचं असेल, झुंबर, कोरीव खांब, तर हा बिस्किटी रंगाचा घ्या, कडेला तपकिरी पट्टी. झोपाळा, समया, जुन्या पद्धतीचं असेल तर पिवळा जैसलमेरी. आणि मॉडर्न असेल तर..."

"मॉडर्नच," ऋता म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आई, कसं आहे, सामान कमीत कमी ठेवायचं. दाराबाहेरच्या पायरीपासून थेट मागच्या खिडकीपर्यंत एकच दगड. पट्टी नाही, नक्षी नाही, नजर मध्ये कुठं अडकायला नको. लाद्या अशा जोडायच्या, की उघडलेल्या पुस्तकाच्या दोन पानांसारख्या शिरा समोरासमोर जुळतील."

"म्हणजे कावळे दोन होतील."

आता मोहनजीही हसले. ऋताने माझा हात धरून मला सावलीतल्या खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी आमचं इतकं छान चाललं होतं, की मला वाटलं, आता मागायला हरकत नाही.

"ऋता, एक मागू?"

"मागा की."

"दाराबाहेर, उंबऱ्यापुढे, एक काळी फरशी घाल. मोठी नको. पाटाएवढी."

"काळी? ती कशाला?"

"रांगोळीला."

एवढंच म्हणाले मी. आमच्या जुन्या दारापुढे काळसर शहाबादी होती. आमचे हे गेले, दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि काय करावं ते सुचेना, म्हणून रांगोळीचा डबा घेऊन बसले. समोरच्या बाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. बघेनात का. त्या सकाळी चिमटीतून रेघ सरळ पडली आणि मला वाटलं, आपण जगू. तेव्हापासून एक सकाळ चुकवली नाही. हे सगळं मी सौमित्रलाही, पोटच्या मुलालाही, कधी सांगितलं नव्हतं, मग सुनेला काय सांगणार! आपलं न सांगता दुसऱ्याला कळावं अशी माझी आपली एक खोड होती.

"विचारून येते हं," असं म्हणून ऋता मागच्या बाजूला गेली. मोहनजी तिकडेच चहा सांगायला गेले होते. थोड्या वेळाने ती परत आली.

"आई, काळा संपलाय. नवीन माल कर्नाटकातून येतो, आणि तिकडे ट्रकवाल्यांचा संप चाललाय म्हणे. कधी मिटेल, काही सांगता येत नाही."

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून सबंध नोकरी लोकांचे आवाज ऐकण्यात गेली. खरं बोलणारा माणूस विचारलं तेवढंच सांगतो. खोटं बोलणारा न विचारलेलंही सांगून टाकतो. ट्रकवाल्यांचं मी काही विचारलं नव्हतं. शिवाय नवी नोकरी लागली तेव्हा हिनेच जेवताना हसत हसत सांगितलं होतं, "आमच्या धंद्यात ग्राहकाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, आई. स्टॉक संपलाय म्हणायचं." पण मी मनाला दटावलं. परीक्षेला बसलेल्या पोरीवर संशय घ्यायचा नाही म्हटलं.

"असू दे," मी म्हणाले.

घर झालं. सुंदर झालं, खोटं कशाला बोलू! दार उघडलं की चांदणं सांडल्यासारखी ती पांढरी जमीन थेट खिडकीपर्यंत जायची. माझ्या खोलीत खरंच बिनकावळ्याची लादी होती. माझ्या न्हाणीघरात मात्र पांढरा दगड नव्हता, करडा, खरखरीत होता. मला वाटलं, सासूची न्हाणी कोण बघतंय, उरलासुरला माल घातला असेल.

पहिल्या सकाळी मी डबा घेऊन दाराबाहेर बसले. ठिपके दिले, रेघा ओढल्या, कासव काढलं. उठून उभी राहिले आणि बघते तर काहीच नाही. पांढऱ्यावर पांढरं. सौमित्र पेपर घ्यायला बाहेर आला, तो सरळ त्यावरून चालत गेला. त्याला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुंकवाने काढली. ऋता ऑफिसला निघताना पाहते तर दगडाने कुंकू पिऊन टाकलेलं. ती ऑफिसच्या कपड्यांनिशी गुडघ्यांवर बसून तो गुलाबी डाग पुसत राहिली. डाग पुसट झाला, गेला नाही.

"आई, प्लीज, रंग नको. हा दगड रंग धरतो."

संध्याकाळी तिने माझ्यासाठी प्लास्टिकची तयार रांगोळी आणली. खाली चिकट कागद, वर मोर. "ही लावून टाकली की रोज वाकायला नको, तुमच्या गुडघ्यांना आराम," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं, हे मला आवाजावरून कळत होतं. मी तो मोर कपाटावर ठेवला. सकाळी चहा करून खिडकीत बसायला लागले. दिवस सुरूच होत नव्हता माझा. दहा वाजले तरी अजून उठलेच नाही असं वाटायचं.

मग एकदा शिरवळला मावसबहिणीकडे जायचा योग आला. एसटीच्या खिडकीतून ते गोदाम दिसलं. कुंपणाला लागून काळ्या लाद्या उभ्या होत्या, एकीला एक टेकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. येताना मी तिथं उतरले.

"काळा?" मोहनजी म्हणाले. "काळा तर बारा महिने असतो, मावशी. काळ्याला काय तोटा!"

"मधे संपला होता ना?"

"कधी? नाही बुवा."

"ऋताने तुम्हाला विचारलं होतं की. आम्ही आलो होतो तेव्हा."

"ऋता मॅडमनी? नाही, काळ्याचं काही विचारलं नव्हतं. मागं जाऊन उभ्या होत्या, मला वाटलं फोनवर बोलतायत."

म्हणजे तिने विचारलंसुद्धा नव्हतं. नुसती मागं जाऊन उभी राहिली होती, माझ्यासाठी खोटं जुळवत. मोहनजींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी प्यायले, पाटाएवढा काळा तुकडा कापायला सांगितला, आणि म्हटलं, "येत्या रविवारी तुम्हीच घेऊन या. आमच्याकडे जेवण आहे. तुमच्याच दगडावर घर उभं आहे, तुम्ही नको?"

भोळा माणूस. त्याला फार बरं वाटलं.

त्या रविवारी ऋताने घर दाखवायला लोकांना बोलावलं होतं. वास्तुशांत आधीच घरच्या घरी उरकली होती. आता पडदे, दिवे, सगळं लागलं होतं. खानोलकर मॅडम पुण्याहून येणार होत्या. कोल्हापूरहून ऋताचे आईवडील आले होते. मोहनजींचं मी कुणाला सांगितलं नाही. ऋता पहाटेपासून जमीन पुसत होती, आणि कुंकवाच्या पुसट डागावर तिने फुलांची परडी ठेवली होती.

खानोलकर मॅडम दारात थांबल्या. "वा! नजर थेट खिडकीपर्यंत जाते. कुठं अडकत नाही. शाब्बास, ऋता."

ऋताचे वडील इतके हरखले की त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली, जणू लादी त्यानेच बसवली होती. पानं वाढली. ऋता श्रीखंड वाढायला आली आणि तेवढ्यात मोहनजी आले. हातात गोणपाटात गुंडाळलेला तो तुकडा.

तेव्हा काय करायचं ते मी आधीच ठरवलेलं होतं. रात्री अंथरुणात पडून वाक्यं घोळवली होती.

"या, या, मोहनजी! ऋता, बघ काय मिळालं! काळा दगड. शेवटचा तुकडा राहिला होता, माझं नशीब. काय हो, तो ट्रकवाल्यांचा संप मिटला का शेवटी?"

"कसला संप?" मोहनजी हसत म्हणाले. "आणि शेवटचा कसा, मावशी? तुम्ही डोळ्यांनी बघितला ना परवा, ढीग पडलाय काळ्याचा. कधी संपतच नाही."

"हो का?" मी डोळे मोठे केले. "अगंबाई! मग माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल."

ऐकण्यात चूक. माझ्या!

ऋताच्या आईने मान खाली घातली आणि पानातली पुरी या बाजूची त्या बाजूला केली. सौमित्र म्हणाला, "आई, जाऊ दे ना आता." खानोलकर मॅडमना मात्र धंद्यातली खूण पटली आणि त्या मोठ्याने हसल्या.

"स्टॉक संपलाय! ऋता, अगं, सासूला पण क्लायंट केलंस होय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कमाल आहे हो हिची. तुमचा पाय घसरू नये म्हणून तुमच्या बाथरूमला खरखरीत दगड हवा, यासाठी माझ्याशी आठवडाभर भांडली. मी म्हणत होते, सगळीकडे पांढराच घाल, घर बिघडेल. ऐकलं नाही माझं. आणि एका फरशीसाठी खोटं बोलली!"

घास माझ्या हातातच राहिला. मी ऋताकडे पाहिलं. ती श्रीखंडाचं पातेलं धरून उभी होती, चमचा आत बुडालेला. तिचे कान लाल झाले होते.

"नाही आई," ती म्हणाली, "तुम्ही बरोबर ऐकलंत. मी खोटं बोलले होते. काळ्याने नजर अडकेल, घर तुटेल असं वाटलं मला."

आणि तिने मोहनजींच्या पानात श्रीखंड वाढलं. हात स्थिर होता तिचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनच्या आवाजाने मी बाहेर आले. दारात फरशीवाला मिस्त्री बसला होता आणि ऋता नाकाला ओढणी बांधून शेजारी उभी होती. पायरीवरच्या त्या अखंड पांढऱ्या दगडात त्याने चौकोन कापला होता. सगळीकडे पांढरी पूड उडाली होती.

"अगं, राहू दे," मी म्हटलं. "कशाला कापलीस? इतकी सुंदर जुळलेली लादी."

"बसली की दाखवते."

दुपारपर्यंत काळी फरशी बसली. बरोबर पाटाएवढी. ऋताने स्वतः ओल्या फडक्याने ती पुसली आणि माझा रांगोळीचा डबा आणून माझ्या हातात दिला.

"काढा, आई."

मी बसले. चिमूट धरली. ती शेजारी उकिडवी बसून होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. चढा आवाज नाही, रडं नाही. "तुम्ही शिरवळहून आलात त्या दिवशी मी घरातच होते. स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. मला तेव्हा का नाही विचारलंत? मी तिथल्या तिथं कबूल झाले असते. तुमचे पाय धरले असते."

उत्तर होतं, पण तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. मला कबुली नकोच होती. मला तिचे आईवडील समोर हवे होते. तिने माझ्यावर एक खोटं टाकलं होतं, तेही भिऊन. मी तिला चारचौघांत उघडं पाडलं, तेही ठरवून, हसून, स्वतः भोळी बनून. माझी रेघ त्या दिवशी वाकडी आली.

बाहेरून काही बिघडलं नाही. मॅडमनी तिला पुढची घरं दिली. तिचं नाव झालं. माझं दुखलंखुपलं तीच बघायची, गोळ्या तीच आणायची. मी रोज सकाळी काळ्या फरशीवर रांगोळी काढायचे आणि ती ऑफिसला जाताना रांगोळीला पाय लागू नये म्हणून बाजूने वळून जायची. येणारे-जाणारे म्हणायचे, केवढं कौतुक हो सुनेला तुमचं.

फक्त एक झालं. त्या दिवसानंतर ऋता माझ्याशी कधी म्हणून खोटं बोलली नाही.

"भाजी कशी झालीय गं?"

"खारट झालीय, आई."

"ही साडी बरी दिसते का?"

"नाही. रंग खुलत नाही तुम्हाला."

"तुम्ही दोघं कुठं निघालात?"

"सिनेमाला. आज आम्हाला दोघांनाच जायचंय."

उद्धटपणा नाही, कुत्सितपणा नाही. विचारलं तेवढं सांगायची, अगदी तेवढंच. एका घरात राहायचं तर माणसं एकमेकांना किती किती छोटी खोटी देत असतात, ते मला तेव्हा कळलं. छान झालीय, बरी दिसते, तुमचीच आठवण काढत होतो. ते सगळं तिने बंद करून टाकलं होतं. सौमित्रला देत होती, शेजारणींना देत होती. मलाच नाही. माफी मागायला मी कितीदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि दरवेळी "उद्या दूध जास्त सांगायचं का" असलं काहीतरी विचारून परत आले. मन खात राहिलं. खरखरीत दगडावर अंघोळीला उभी राहिले की रोज खायचं.

वर्षं गेली. आता माझ्या हाताला कंप सुटलाय. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं. मागच्या चैत्रात पाडव्याच्या सकाळी मी हट्टाने मोठी रांगोळी काढायला घेतली. चिमटीतून रेघ निघेना, नुसती पूड सांडायची. ठिपके एकमेकांत शिरले. कासवाला पाचवा पाय फुटला, का ती शेपटी होती, देव जाणे. वाकून वाकून कंबर धरली, तरी मी ती पुरी केली आणि उंबऱ्याला धरून उभी राहिले.

ऋता गुढीची काठी घेऊन बाहेर आली. तिच्या केसांत आता पांढरं दिसायला लागलंय. मी विचारू नये ते विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"कशी झालीय गं?"

तिने काठी भिंतीला टेकवली आणि खाली बघितलं. काळ्या दगडावर तो पांढरा चिखल स्वच्छ दिसत होता. मग तिने माझ्या थरथरणाऱ्या हाताकडे बघितलं.

"छान झालीय, आई," ती म्हणाली. "उलट आज जास्तच मोकळी आलीय. असं सैल हाताने काढायची आता नवीन पद्धत आहे, आमच्या ऑफिसच्या मुली मुद्दाम शिकतात. थांबा, फोटो काढते."

ऑफिसच्या मुलींचं मी काही विचारलं नव्हतं.

ती फोन आणायला आत गेली. मी उंबऱ्यावर बसले, आणि पदराने डोळे पुसायचं मला सुचलंच नाही.